बाप दारूपायी गेला, पोरगा दारूविरोधात गावोगाव फिरला : गाडगेबाबांची ही गोष्ट खराट्याच्या आधीची आहे

गाडगेबाबा म्हटलं की सगळ्यात आधी काय आठवतं?

हातातला खराटा, डोक्यावर मडक्याचं खापर आणि अंगावर ठिगळं लावलेली गोधडी. शाळेत त्यांच्यावर निबंध लिहिला तो स्वच्छतेवर. सरकारने त्यांच्या नावाने अभियान काढलं, तेही ग्रामस्वच्छतेचं. त्यामुळे गाडगेबाबा म्हणजे झाडलोट, एवढंच समीकरण डोक्यात पक्कं बसलंय.

पण या माणसाचं पहिलं भांडण कचऱ्याशी नव्हतं. ते दारूशी होतं, आणि ते त्यांच्या स्वतःच्या घरात सुरू झालं होतं.

आज एखाद्या घरात दारूचा प्रश्न असला की घरचे लोक शोधाशोध करतात. आपल्या भागात दारू सोडणाऱ्या लोकांचा एखादा गट आहे का, तिथं कुणी ऐकून घेईल का, पैसे किती लागतील, नाव बाहेर फुटेल का. अमरावती-अकोल्याच्या पट्ट्यात हाच प्रश्न सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी कुणाला पडला असता, तर त्याला असा गट कुठंच सापडला नसता. उलट दारू पाजणारा गट मात्र गावोगाव होता. त्याला भावकी म्हणायचे, जत्रा म्हणायचे, रीत म्हणायचे.

डेबूजी नावाच्या एका पोराने ही गोष्ट फार लवकर ओळखली. पुढं त्याचाच गाडगेबाबा झाला.

शेंडगावचं घर आणि झिंगराजी

२३ फेब्रुवारी १८७६. आजच्या अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातलं शेंडगाव. परीट समाजातल्या झिंगराजी आणि सखुबाई जाणोरकर यांच्या घरी मुलगा झाला. नाव ठेवलं डेबूजी.

त्या काळचा वऱ्हाड समजून घेतला पाहिजे. १८५३ पासून या भागाचा कारभार इंग्रजांच्या हातात होता. १८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. बडनेऱ्यावरून नागपूरला जाणारी रेल्वे १८६७ ला सुरू झाली. कापसाचा पैसा गावात यायला लागला, पण त्यातला बराचसा सावकाराच्या वहीत आणि दारूच्या गुत्त्यात जायचा. इंग्रज सरकार दारूविक्रीचे ठेके लिलावाने द्यायचं, त्यातून तिजोरी भरायची. त्यामुळे लोकांनी कमी प्यावं असं वाटणारं वरून कुणी नव्हतं.

आणि खालून तर रीतच पाठीशी होती. नवस फेडायचा तर बोकड कापायचा. बोकड कापला की दारू आली. बारसं असो, लग्न असो, मयताचं जेवण असो, जातभाईंना मटण आणि दारू दिली नाही तर घरावर बोट ठेवलं जायचं. नैवेद्याची दारू म्हणजे प्रसाद, त्याला नाही कोण म्हणणार?

झिंगराजी असेच सुरुवात करते झाले. घरची शेती होती, खाऊन-पिऊन सुखी असं घर होतं. सणावाराला, देवाच्या नावाने आणि चारचौघांच्या आग्रहाने घेतलेली दारू हळूहळू रोजची झाली. शेती गेली, घरातलं होतं नव्हतं ते गेलं, तब्येत गेली. १८८४ मध्ये झिंगराजी वारले. डेबूजी तेव्हा ८ वर्षांचा होता.

चरित्रकारांनी एक आठवण नोंदवून ठेवली आहे. शेवटच्या दिवसांत झिंगराजींना आपलं काय चुकलं ते पुरतं कळलं होतं. ज्या देवाच्या नावाने बोकड आणि दारू घरात आली, त्या रितीच्या सावलीलाही डेबूजीला उभं करू नको, असं त्यांनी सखुबाईंना बजावलं.

इथं एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. झिंगराजींना कळलं होतं. त्यांना सोडायचीही होती. पण सोडायची कशी, हे सांगणारं कुणी नव्हतं. सोबत पिणारे पुष्कळ होते, सोबत सोडणारा एकही नव्हता.

दापुऱ्याचं मामाचं घर

नवरा गेला, शेती गेली. सखुबाई लहानग्या डेबूजीला घेऊन माहेरी आल्या. हे गाव म्हणजे मूर्तिजापूर तालुक्यातलं दापुरे, आजच्या अकोला जिल्ह्यात. अमरावती आणि अकोला हे दोन्ही जिल्हे गाडगेबाबांना आपले म्हणतात, त्याचं कारण हे. जन्म एकीकडचा, वाढ दुसरीकडची.

घरात आजोबा हंबीरराव होते, मामा चंद्रभानजी होते. डेबूजी शाळेत गेला नाही. तो गुरांमागे गेला. सकाळी गोठा झाडायचा, शेण काढायचं, गुरं चारायला न्यायची. पुढं नांगर हातात आला आणि काही वर्षांत तो पंचक्रोशीत कामाचा माणूस म्हणून ओळखला जायला लागला. संध्याकाळी काम आटोपलं की पोरं गोळा करायची आणि भजन म्हणायचं, हा त्याचा नाद.

वरवर पाहिलं तर हा साधा नाद वाटतो. पण विचार करा, दिवसभर राबलेल्या तरुण पोरांना गावात संध्याकाळी जायला दोनच जागा असायच्या. एक गुत्ता आणि दुसरी कुणाच्या तरी ओट्यावर बसून रिकाम्या गप्पा. डेबूजीने तिसरी जागा तयार केली. तिथं पैसे लागत नव्हते, कुणी मोठा-छोटा नव्हता आणि दुसऱ्या दिवशी डोकं जड होत नव्हतं.

या घरानेही एक धक्का खाल्ला. मामांना लिहिता-वाचता येत नव्हतं. सावकाराने कागदांवर अंगठे घेतले, व्याज फुगत गेलं आणि जमीन हातातून जायची वेळ आली. त्या घोरानेच मामा खचले आणि गेले. डेबूजी मात्र सावकारासमोर वाकला नाही, तो शेतात पाय रोवून उभा राहिला.

वडील दारूने गेले, मामा कर्जाने गेले. या दोन मरणांमधून डेबूजीने दोन धडे घेतले. पुढची ५० वर्षं त्यांच्या प्रत्येक कीर्तनात हे दोन विषय हमखास यायचे. दारू पिऊ नका आणि कर्ज काढून सण करू नका. दोन्हीला पर्याय एकच, पोरांना शिकवा.

बारशाच्या जेवणात दारू नाही

१८९२ मध्ये डेबूजीचं लग्न झालं. मुलगी दर्यापूर तालुक्यातल्या कमालपूरची, नाव कुंताबाई. संसार सुरू झाला, मुलं झाली.

मग मुलीचं बारसं आलं.

रीत ठरलेली होती. जातभाई येणार, मटण होणार, दारू वाढली जाणार. ज्याच्या घरी कार्य, त्याने उसनवारी करून का होईना हे करायचंच. डेबूजीने ठरवलं की आपल्या घरी बोकड कापला जाणार नाही आणि दारूचा थेंबही येणार नाही. पाहुण्यांच्या ताटात गोडाचं जेवण आलं.

आज हे वाचताना काही विशेष वाटत नाही. पण जातपंचायतीच्या त्या काळात याची किंमत मोठी होती. भावकीने वाळीत टाकलं तर पुढं पोरीच्या लग्नाला कुणी उभं राहत नसे. कुरकुर झाली, टोमणे झाले. पण डेबूजीने पाहुण्यांना हाकललं नव्हतं, उपाशी ठेवलं नव्हतं. पंगत तशीच बसली होती, आग्रहही तसाच झाला होता. फक्त पंगतीतून दारू गेली होती.

त्यांची पद्धत तिथंच ठरली, असं म्हणता येतं. लोकांचं एकत्र येणं त्यांनी कधी मोडलं नाही. जत्रा मोडली नाही, सण मोडला नाही. एकत्र यायचं कारण तेच ठेवलं, वाढायचं काय ते बदललं.

घर सुटलं, खापर हातात आलं

१ फेब्रुवारी १९०५. डेबूजी तेव्हा २८ वर्षांचे होते. घर, शेत, बायको-मुलं, म्हातारी आई, सगळं मागं ठेवून ते पहाटे निघाले. पुढची १२ वर्षं ते फिरत राहिले.

याची दुसरी बाजूही आहे. कुंताबाई आणि मुलं मागं राहिली, त्यांना कष्टातच दिवस काढावे लागले. पुढं बाबांचं नाव मोठं झालं, लाखांच्या इमारती उभ्या राहिल्या, तेव्हाही घरच्यांनी त्या पैशाला हात लावायचा नाही हा त्यांचा दंडक होता. त्यांच्या मोठेपणाची किंमत या घरानेही भरली आहे.

अंगावर चिंध्यांची गोधडी, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हातात खराटा आणि मडक्याचं खापर. वऱ्हाडात अशा मडक्याला गाडगं म्हणतात. त्याच खापरात भाकरी घ्यायची, त्यातच खायचं, ऊन लागलं की तेच डोक्यावर ठेवायचं. लोकांनी नाव पाडलं गाडगेबाबा.

अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन नावाचं गाव आहे. पौष महिन्यातल्या रविवारी तिथं जत्रा भरते. लोक गाळातून, चिखलातून नदीत उतरायचे. बायका-म्हातारी माणसं घसरून पडायची. बाबांनी तिथं आधी स्वतः फावडं घेऊन वाट केली. मग १९०८ मध्ये लोकांच्या मदतीने घाट बांधला. जत्रेत येणाऱ्या आंधळ्या-पांगळ्यांना जेवण सुरू केलं.

म्हणजे जिथं लोक आधीच जमत होते, तिथंच बाबांनी आपलं काम मांडलं. जत्रेत बोकड कापू नका हे सांगायचं तर जत्रेतच जायला पाहिजे, हे त्यांना कळत होतं.

कीर्तन की भरलेली बैठक?

बाबांची पद्धत अशी होती. गावात शिरायचं ते खराटा घेऊन. कुणाशी न बोलता रस्ता झाडायला लागायचं. हळूहळू लोक जमायचे, काही हसायचे, काही हातभार लावायचे. दिवसभरात गाव झाडून व्हायचं. रात्री त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन.

हे कीर्तन नेहमीसारखं नव्हतं. त्यात संस्कृत नाही, पुराणातली लांब आख्यानं नाहीत. अस्सल वऱ्हाडी बोली आणि समोरच्या माणसाला थेट सवाल. तुमच्या गावात सावकार कोण, तुमच्यावर कर्ज किती, ते कशापायी झालं, नवसाला बोकड कापला तर देवाने तो खाल्ला का, दारू प्यायल्यावर घरी जाऊन काय केलं. बाबा विचारायचे आणि गर्दीतून उत्तर यायचं. चुकीचं उत्तर आलं तर बाबा नक्कल करायचे, लोक खो खो हसायचे. बरोबर उत्तर आलं तर ते अख्ख्या गावाकडून पुन्हा वदवून घ्यायचे.

यात खरी गंमत कशात होती?

एकट्या बसलेल्या माणसाला दारू वाईट आहे हे सांगितलं तर तो मान हलवतो आणि संध्याकाळी परत जातो. कारण त्याला ते आधीच माहीत असतं. पण सगळं गाव समोर बसलंय, त्यात त्याच्यासोबत पिणारे चौघं आहेत, मागच्या बाजूला त्याची बायको आहे, म्हातारी आई आहे, आणि सगळ्यांच्या तोंडून एकच उत्तर येतंय. आता दुसऱ्या दिवशी आग्रह करणाऱ्यालाही आग्रह करताना लाज वाटते. पिणारा एकटा बदलत नाही, त्याच्या भोवतालचं वजनच दुसऱ्या बाजूला कलतं.

दारू माणूस बहुतेक वेळा चारचौघांत शिकतो. सोडायचीही ती चारचौघांतच, हे बाबांना कुठल्याही पुस्तकाशिवाय कळलं होतं. आठव्या वर्षी पोरका झाल्यावर ते वेगळं शिकावं लागत नाही.

बाबांनी आणखी एक पथ्य पाळलं. ते कुणाला पाया पडू द्यायचे नाहीत. कुणी पाया पडायला आलं तर खराटा उगारायचे. आपण कुणाचे गुरू नाही आणि आपला कुणी शिष्य नाही, असं ते सांगायचे. कीर्तन संपलं की मुक्काम न करता पुढच्या गावाला निघायचे. गावाने बाबांवर टेकून राहू नये, स्वतःच्या पायावर उभं राहावं, हा त्यामागचा परिणाम.

सातासमुद्रापार हीच गोष्ट वेगळ्या नावाने

बाबा महाराष्ट्रभर फिरत होते, त्याच काळात अमेरिकेत एक घटना घडली. १९३५ मध्ये ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन शहरात दोन दारूडे एकमेकांना भेटले. एक शेअर बाजारातला माणूस, बिल विल्सन. दुसरा सर्जन, डॉक्टर बॉब स्मिथ. दोघांनीही सोडायचे प्रयत्न करून पाहिले होते. दोघांच्या लक्षात आलं की डॉक्टरच्या सल्ल्यापेक्षा, नातेवाइकांच्या शपथांपेक्षा, आपल्यासारख्याच दुसऱ्या माणसाशी मोकळं बोललं की तो दिवस न पिता निघतो. डॉक्टर बॉब यांनी १० जून १९३५ ला शेवटची दारू घेतली, तोच दिवस अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस म्हणजे एए या संघटनेचा स्थापना दिवस मानला जातो.

भारतात एएचं काम १९५७ मध्ये दिल्लीत सुरू झालं. म्हणजे गाडगेबाबा गेल्यानंतर काही महिन्यांतच.

आता दोन्हींची सरळ तुलना करायला गेलं तर फरकही मोठा दिसतो. बाबांच्या कीर्तनात सगळं गाव असायचं, एएच्या बैठकीत फक्त दारू सोडू पाहणारे असतात. बाबा चिमटे काढायचे, बैठकीत कुणी कुणाला बोल लावत नाही. कीर्तनात नाव-गाव सगळं उघड, बैठकीत आडनाव विचारत नाहीत. सगळ्यात मोठा फरक म्हणजे बाबा एका रात्रीसाठी यायचे, बैठक दर आठवड्याला असते.

आणि हा फरक महत्त्वाचा आहे. आजचं वैद्यकशास्त्र दारूच्या व्यसनाला आजार मानतं, जो पुन्हा पुन्हा उलटू शकतो. शपथ घेणं एका रात्रीत होतं. ती निभावायला पुढचे हजार दिवस कुणीतरी सोबत लागतं. बाबा निघून गेल्यावर ही जागा गावातल्या भजनी मंडळाने, शहाण्या म्हाताऱ्यांनी, घरच्या बायकांनी भरून काढली, तिथं शपथ टिकली. जिथं कुणीच नव्हतं, तिथं माणूस पुन्हा एकटा पडला.

वऱ्हाडात हा धागा पुढं नेणारा दुसरा माणूस होता तुकडोजी महाराज. अमरावती जिल्ह्यातल्याच यावलीचे. त्यांनी १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा केला. त्यांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखांमध्ये रोज संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना व्हायची. रोज, त्याच वेळी, त्याच माणसांनी. व्यसन सोडलेल्या माणसाला संध्याकाळी पाच-सहाला जायला एक जागा मिळाली. दारूची आठवण येते ती वेळ नेमकी हीच असते.

मिळालेलं सगळं वाटून टाकलं

बाबांकडे पैसा भरपूर आला, पण हातात टिकला नाही, कारण त्यांनी तो टिकू दिला नाही. पंढरपूर, देहू, आळंदी, नाशिक, मुंबई इथं धर्मशाळा उभ्या राहिल्या. मूर्तिजापूरला गोरक्षण आणि शिक्षणाचं काम उभं राहिलं. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. ८ फेब्रुवारी १९५२ ला गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली आणि सगळ्या संस्थांचा कारभार एका छताखाली आला. त्याच वर्षी प्रबोधनकार ठाकरे यांनी लिहिलेलं त्यांचं चरित्रही आलं.

मुंबईत इस्पितळात येणाऱ्या गरीब रुग्णांच्या नातेवाइकांना राहायला जागा नसते, ते फुटपाथवर झोपतात, हे बाबांनी पाहिलं. म्हणून जे. जे. रुग्णालयाजवळ धर्मशाळा झाली. आजारी माणसाइतकीच त्याच्या घरच्यांचीही सोय बघावी लागते, हे तेव्हा फार थोड्यांच्या डोक्यात होतं. व्यसनाच्या बाबतीत तर आजही नसतं.

नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईत वांद्र्याला बाबांचं कीर्तन झालं, त्याचं ध्वनिमुद्रण झालं. आज बाबांचा आवाज ऐकायला मिळतो तो त्यामुळे. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. तो घाव बाबांना फार लागला. तब्येत आधीच खालावलेली होती. २० डिसेंबर १९५६ च्या रात्री अमरावतीकडे येत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडीतच त्यांनी प्राण सोडला.

आयुष्यभर रस्त्यावर राहिलेला माणूस रस्त्यावरच गेला. अमरावतीत जिथं त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले, तो भाग आज गाडगेनगर म्हणून ओळखला जातो. पुढं अमरावती विद्यापीठालाही शाळेची पायरी न चढलेल्या या माणसाचं नाव दिलं गेलं.

आज झिंगराजी कुठं जाईल?

१८८४ मध्ये झिंगराजींना जायला जागा नव्हती. आज आहे, पण बऱ्याच जणांना ती माहीत नसते. म्हणून थोडक्यात.

पहिली पायरी डॉक्टरची. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्या माणसाने एका दिवसात दारू बंद केली तर हातपाय थरथरणं, झटके, भ्रम असं होऊ शकतं. काही वेळा हे जिवावर बेततं. त्यामुळे घरात कोंडून ठेवणं हा उपाय नाही. अमरावतीचं जिल्हा सामान्य रुग्णालय, म्हणजे लोकांच्या तोंडचं इर्विन, आणि अकोल्याचं सर्वोपचार रुग्णालय, इथं मानसोपचार विभागात आधी दाखवून घ्यावं. तिथल्या समुपदेशकाला विचारावं की जवळपास गटाच्या बैठका कुठं आणि कोणत्या वारी होतात.

दुसरी पायरी फोनची. केंद्र सरकारची नशामुक्तीसाठी १४४४६ ही टोल फ्री हेल्पलाइन आहे. मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हा नंबर आहे, तिथं मराठीतही बोलता येतं. पिणाऱ्याने फोन करायला नकार दिला तर घरच्यांनी करावा.

तिसरी पायरी गटाची. एएच्या बैठकीला फी नसते, नोंदणीचा कागद नसतो. आत यायला एकच अट असते, दारू सोडायची इच्छा. बैठक शाळेच्या खोलीत असते, चर्चच्या हॉलमध्ये असते, समाजमंदिरात असते. पहिल्या दिवशी बोललंच पाहिजे असं नाही, नुसतं बसून ऐकलं तरी चालतं. घरच्या लोकांसाठी अल-अनॉन नावाचे वेगळे गट असतात. पुण्यात अनिल आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगणनेही उपचारांसोबत नंतरच्या पाठपुराव्याला आणि घरच्यांना तितकंच महत्त्व दिलं.

गावात गट नसेल तर? एएच्या रिवाजाप्रमाणे दारू सोडू पाहणारी दोन-तीन माणसं त्यासाठी नियमित भेटली, तरी तो गट होतो. तालुक्याच्या ठिकाणी आधी एखादा गट बघून यावा, मग गावात दोघांनी सुरुवात करावी. ऑनलाइन बैठकाही आता चालतात.

आणि एक सावधगिरी. जेवणात गुपचूप मिसळायची पुडी, एका दिवसात दारू सोडवण्याची हमी, माणसाला साखळीने बांधून ठेवणारं केंद्र, यांच्या नादी लागू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळीने बांधायला मनाई केली आहे.

गाडगेबाबांच्या पुण्यतिथीला दरवर्षी २० डिसेंबरला गावोगाव रस्ते झाडले जातात, फोटो निघतात. ते चांगलंच आहे. पण ज्या घरात एखादा झिंगराजी आज संध्याकाळी एकटा बसलाय, त्या घराचं दार वाजवून त्याला पहिल्या बैठकीला सोबत नेणं, हेही बाबांचंच काम आहे. त्याच्या घरातही आठ वर्षांचा एखादा डेबूजी असू शकतो.